अकरा नंबरचं झाड

मला प्रयोगशाळेत काकूंनी आणलं, हे आधी सांगायला हवं. त्या आणि माझी आई एकाच विहारात जायच्या. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून घरी बसले होते. बँकेच्या परीक्षा देत होते आणि दर वेळी थोडक्यात राहत होते. एका रविवारी वंदना आटोपल्यावर काकू आईला म्हणाल्या, "आमच्या इथं प्रोजेक्टवर एक जागा निघाली. पोरीले पाठव. अर्ज मी आणून देते." अर्ज त्यांनीच आणून दिला. मुलाखतीच्या दिवशी त्या गेटपाशी उभ्या होत्या. कोणत्या दारासमोर बसायचं ते त्यांनी दाखवलं, माझी ओढणी सारखी केली आणि आपल्या कामाला निघून गेल्या.

लिंबूवर्गीय झाडांच्या रोगांवर काम करणारी ती छोटी प्रयोगशाळा. काकू तिथे सतरा वर्षं कंत्राटी तंत्रज्ञ होत्या. त्यांचं काम पानं मोजण्याचं. कागदी लिंबाच्या पानावर खैऱ्या रोगाचे डाग पडतात, तपकिरी, हाताला खरखरीत लागणारे, भोवती पिवळं कडं असलेले. पानाचा किती भाग डागांनी व्यापला आहे यावरून झाड किती रोगट ते ठरवायचं. काकू पानावर बारीक चौकटी आखलेला पारदर्शक कागद ठेवायच्या, डाग आलेल्या चौकटी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. एका झाडाची दहा पानं, मग पुढचं झाड. मोजताना त्यांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे, आमचे प्रकल्पप्रमुख सरसुद्धा नाही.

त्या वर्षी आमचं काम नरखेड तालुक्यातल्या एका लिंबाच्या बागेत होतं. बाग एक ताई पाहायच्या. त्यांचा नवरा एसटीत कंडक्टर, तो आठवड्यातले चार दिवस बाहेर, त्यामुळे पाणी, मोटर, मजूर सगळं ताईंच्या अंगावर. बागेत रोग जोरात होता. तरी अशा बागेत एखादं झाड फवारणी न करताही आपोआप साफ राहतं. ते झाड शोधायचं, त्याच्या फांद्यांवरचे डोळे घेऊन कलमं बांधायची, असा सरांचा बेत होता. छत्तीस झाडं निवडली. प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला ठोकला. पानं तोडायला काकू आणि मी गेलो. काकू पिशवीवर नंबर लिहायच्या, बिल्ल्याकडे पाहायच्या आणि पुन्हा पिशवीकडे पाहायच्या, मगच पुढच्या झाडाकडे वळायच्या. मला कंटाळा यायचा. ताईंनी दुपारी आम्हाला भाकरी आणि झुणका वाढला, आणि काकूंची नि त्यांची तिथेच मैत्री झाली.

काकूंचा मोजणीचा वेळ सरांना परवडत नव्हता. "पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोजता येतील का, बघ," असं ते मला म्हणाले. मी बघितलं. फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं, शास्त्रज्ञ लोक चित्रं मोजायला वापरतात ते. त्यात मॅक्रो लिहिता येतो. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची यादी: फाइल उघड, पान आणि त्यामागचा पांढरा कागद वेगळे कर, पानाचं क्षेत्रफळ काढ, तपकिरी डाग शोध, त्यांचं क्षेत्रफळ काढ, आकडा लिही, फाइल बंद कर, पुढची उघड. मी आयुष्यात पहिल्यांदा असं काही लिहीत होते. तीन आठवडे व्हिडिओ पाहून, चुकत, पुसत लिहिलं. पानावर धूळ असली की मॅक्रो तिलाही डाग समजायचा. म्हणून काकू प्रत्येक पान ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून स्कॅनरच्या काचेवर मांडायच्या. एका झाडाची दहा पानं एकत्र स्कॅन झाली की मी त्या फाइलला झाडाचा नंबर द्यायची.

मॅक्रो पहिल्यांदा सुरळीत चालला तेव्हा खोलीतले सगळे माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडद्यावर खिडक्या आपोआप उघडत होत्या, पानं काळी-पांढरी होत होती, डागांभोवती रेघा उमटत होत्या, खिडकी मिटत होती, पुढची उघडत होती. काकूंना आठवडा लागायचा ते काम चहा उकळेपर्यंत झालं. सरांनी शेजारच्या विभागातल्या लोकांना बोलावून दाखवलं. काकू मागे उभ्या होत्या. त्या कोणाला तरी म्हणाल्या, "आमच्याच इकडची पोरगी आहे ते."

पडताळणी म्हणून एक नंबरच्या झाडाची पानं काकूंनी हाताने मोजली. मॅक्रोचा आकडा जवळपास तोच आला. बाकीची झाडं पडताळण्याची गरज मला वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता छापून भिंतीला लावला. सगळ्यात साफ झाड तीन नंबर, सगळ्यात रोगट अकरा नंबर. काकू डबा खाऊन हात पुसत आल्या आणि तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"अकरा नंबर सगळ्यात खराब काहून दाखवून राहिलं वं?"

"तसंच आलंय, काकू."

"अकरा नंबर साफ झाड आहे. म्या सोता पुसले त्याचे पानं. एक डाग दिसला असंल तर असंल. तीन नंबरवर मात्र होते."

मी काकूंशी एरवी घरच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी खोलीत दुसऱ्या प्रकल्पातल्या दोन मुली बसल्या होत्या. मी खुर्ची वळवली आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "काकू, डोळ्यांना दिसणं वेगळं आणि मोजमाप वेगळं. रंगातले बारीक फरक माणसाला कळत नाहीत, कॉम्प्युटरला कळतात."

त्या मुलींपैकी एक हसली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"असंल," त्या म्हणाल्या. "पण एक डाव फोटो उघडून पाय ना."

"पाहते नंतर."

मी पाहिला नाही. फाइल उघडायला दहा सेकंद लागले असते. ते दहा सेकंद मी पुढे इतक्या वेळा मोजले आहेत की काही विचारू नका.

अहवाल गेला. त्यात लिहिलं होतं की रोगाचा प्रसार थांबवायला सर्वांत रोगट चार झाडं मुळासकट काढावीत आणि तीन नंबर जपावं. सर स्वतः बागेत जाऊन ताईंना सांगून आले. पानं मोजायचं काम उरलं नाही, म्हणून काकूंना माती विभागात पाठवलं. तिथे मातीची ढेकळं फोडायची, चाळायची, पिशव्यांत भरायची. संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर धूळ बसलेली असायची. डबा खायला त्या आमच्याकडेच यायच्या. एकदा मी म्हटलं, तिकडे त्रास होतो का. त्या म्हणाल्या, "कामच आहे ना."

दोन महिन्यांनी एका परिषदेसाठी पोस्टर करायचं होतं. साफ झाडाच्या आणि रोगट झाडाच्या पानांचे फोटो शेजारी शेजारी लावावेत, असं मी ठरवलं. रोगट म्हणून अकरा नंबरची फाइल उघडली. दहा पानं, हिरवीगार. एका पानाच्या टोकाशी एक टिंब. मला वाटलं, चुकीची फाइल उघडली. बंद करून पुन्हा उघडली. तीच पानं. मग तीन नंबरची उघडली. तिच्यावर सगळीकडे डाग होते.

काय झालं ते कळायला मला फार वेळ लागला नाही. कॉम्प्युटर फाइलींची नावं आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून वाचत होता. त्याच्या लेखी एकनंतर दोन येत नाही. एकनंतर दहा येतो, मग अकरा, बारा, असं एकोणीसपर्यंत, आणि त्यानंतर दोन. मॅक्रोने त्याच क्रमाने आकडे लिहिले होते. मी मात्र शेजारच्या रकान्यात एक, दोन, तीन असे सरळ नंबर टाकले होते. अकराव्या झाडाचा आकडा तिसऱ्या ओळीत गेला, आणि अकराव्या ओळीत येऊन बसला एकोणिसाव्या झाडाचा. एक नंबर तेवढा जागेवर राहिला, आणि मी पडताळणी नेमकी त्याचीच केली होती.

त्यानंतर मी पहिली गोष्ट काय केली, तर खोलीत कोणी आहे का ते पाहिलं. कोणी नव्हतं. मी सगळ्या फाइलींच्या नावांत एकआकडी नंबरांपुढे शून्य लावलं, मॅक्रो पुन्हा चालवला, नवा तक्ता केला. अकरा नंबर सगळ्यात साफ म्हणून वर आलं. छत्तीस झाडांत त्याच्या जवळपास दुसरं झाड नव्हतं. आम्ही जे शोधत होतो ते तेच होतं.

सरांना सांगणं भाग होतं, कारण तीन नंबरचे डोळे काढायची तयारी चालू होती. मी त्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सर, झाडांच्या नंबरांत घोळ झालाय. अकरा आणि तीन, आणि आणखीही काही."

त्यांनी दोन्ही तक्ते पाहिले. त्यांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "पिशव्यांवर नंबर कोणी टाकले होते?"

"काकूंनी."

"मग तिथेच झालं असणार. वय झालं आता त्यांचं."

मी उभी होते. माझ्या हातात तो कागद होता. 'नाही सर, माझ्या मॅक्रोत चूक होती,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. माझं कंत्राट महिनाभरात संपणार होतं आणि ते वाढवायचं की नाही हे सरांच्या हातात होतं, असं कारण मी पुढे स्वतःला दिलं. पण त्या क्षणी तसला काही विचार डोक्यात नव्हता. कोणीतरी माझ्यासाठी दार उघडलं आणि मी बाहेर निसटले, इतकंच झालं.

पानं पुन्हा आणायला सरांनी मला एकटीलाच बागेत पाठवलं. मी काटोलवरून एसटीने गेले. ताई मोटर बंद करून आल्या आणि मला थेट अकरा नंबरच्या जागी घेऊन गेल्या. तिथे खड्डा बुजवून जमीन सारखी केली होती. मुळं राहू नयेत म्हणून जेसीबी लावला होता आणि फांद्या जाळल्या होत्या, आम्ही सांगितलं होतं तसंच. बाकीची तीन झाडं खरोखरच रोगट होती, तो केवळ योगायोग.

"एखादी फांदी कुठे ठेवली असेल का, ताई?" मी विचारलं.

"जाळाले सांगितलं होतं ना तुम्ही." त्या खाली वाकून ढेकूळ फोडत म्हणाल्या, "घरचं लोणचं दरसाल याच झाडाचं घालत होतो आम्ही. लिंबू बारीक, पण साल साफ. मी मालकाले म्हटलंही, हे झाड रोगी कसं काय? ते म्हणे, मशीननं मोजलं, आपल्याले काय समजते." मग त्या सरळ उभ्या राहिल्या. "सरांचा फोन आला होता. त्या काकूनं पिशव्यांवर नंबर चुकवले म्हणे? मले खरं नाही वाटलं. ते तर एक एक पिशवी दोनदा पाहे."

मी म्हणाले, "हो, तसंच काहीतरी झालं."

सरांसमोर मी गप्प राहिले होते. इथे माझ्याच तोंडाने बोलले. ताईंनी चहा केला. मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या टेबलापाशी आल्या. हाताला माती होती, म्हणून टेबलाला टेकल्या नाहीत.

"सर म्हणते, मी नंबर चुकवले. चुकवले काय वं मी?"

"असं कोणी म्हणत नाही, काकू. असं होतं कधी कधी."

"होते का?" त्या म्हणाल्या. "तू होती ना संग. तुले काही दिसलं होतं काय?"

"मला नाही आठवत."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी मी काही कामाने माती विभागात गेले. काकू नमुन्यांच्या पिशव्या बांधत होत्या. पिशवीवर नंबर लिहिला, तोच नंबर चिठ्ठीवर लिहून आत टाकला, आणि मग पिशवी शेजारच्या बाईपुढे धरून म्हणाल्या, "वाचून दाखव बरं." ती बाई म्हणाली, "सत्तावीस." काकूंनी गाठ मारली आणि पुढची पिशवी घेतली. तीही वाचून घेतली. मी दारातच उभी राहिले.

"काहून वाचून घेऊन राहिल्या, काकू?" मी विचारलं.

"आताशा भरोसा नाही वाटत," त्या म्हणाल्या. "मंगळवारी अर्धी सुट्टी टाकून धंतोलीत डॉक्टरकडे गेली होती, डोळे तपासाले. डॉक्टर म्हणते, चष्म्याचा नंबर तोच आहे, काही बदल नाही. मंग डोक्यातच काही झालं असंल." हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की शेजारची बाई हसली, आणि काकूही तिच्याबरोबर थोडं हसल्या.

मी त्यांना बाहेर, सायकल स्टँडपाशी नेलं आणि सांगितलं. फाइलींची नावं, एकनंतर दहा, अकरा नंबर तीनच्या ओळीत कसं गेलं, सगळं. सरांपुढे गप्प राहिले ते सांगितलं. ताईंना काय म्हणाले तेही सांगितलं. बोलताना मी त्यांच्या चपलांकडे पाहत होते.

"म्हंजे पिशव्या बरोबर होत्या?"

"हो काकू. छत्तीसच्या छत्तीस."

"मंग माहे डोळे बरे आहे."

"हो."

त्यांनी पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर लावला आणि स्टँडवरच्या गाड्यांकडे पाहिलं. मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हात आडवा केला. "मले नको सांगू आता. सरांले सांग."

सरांना त्याच दुपारी सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या अहवालात 'नोंदींतील त्रुटी' असं लिहू. आणखी वाढवण्यात अर्थ नाही." मी म्हटलं, काकूंना तुम्ही एकदा सांगा, सगळ्यांसमोर. ते 'सांगतो' म्हणाले. एक आठवडा गेला, दुसरा गेला. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना ते अवघड जात होतं, आणि त्यांना दोष देण्याच्या जागी मी उभी नव्हते.

मग एका सोमवारी चहाच्या वेळी सगळे जमले असताना मीच बोलले. नंबर काकूंनी चुकवले नव्हते, चूक माझ्या मॅक्रोची होती, आणि ती माहीत असूनही मी काकूंवर जाऊ दिली. कोणी फोनकडे पाहू लागलं, कोणी बिस्किटाचा पुडा उघडला. त्या दिवशी काकूंवर हसली नव्हती ती मुलगी खाली पाहत होती, हसली होती ती माझ्याकडे पाहत होती. सर खिडकीपाशी होते, तिथून हलले नाहीत. काकूंनी माझ्या पुढ्यातला कप माझ्याकडे सरकवला. "घे. थंडा होऊन राहिला," त्या म्हणाल्या.

ताईंना फोन केला. पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "त्या बाईले मी मनातल्या मनात बोल लावला. तिचा नंबर द्या मले." मी नंबर दिला. माझ्याविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. अकरा नंबरसारखं झाड आम्हाला त्या बागेत पुन्हा सापडलं नाही, आणि दुसऱ्या बागांतही अजून नाही.

पानांच्या कामावर परत याल का, असं सरांनी काकूंना विचारलं होतं. त्या नाही म्हणाल्या. मातीतच बरं आहे, म्हणाल्या. डबा खायला त्या आमच्या खोलीत यायच्या थांबल्या. भेटल्या की नीट बोलायच्या, आईची तब्येत विचारायच्या, पण प्रयोगशाळेत त्या मला 'मॅडम' म्हणू लागल्या. मी एकदा म्हटलं, काकू, असं नका म्हणू. त्या म्हणाल्या, "सगळेच म्हणते ना." गेल्या वर्षी त्यांचं कंत्राट संपलं आणि त्यांनी ते पुढे वाढवलं नाही.

माझं कंत्राट मात्र वाढलं. मॅक्रो अजून चालतो. तो आता दर ओळीत फाइलचं नाव लिहितो, आणि दर दहा चित्रांनंतर थांबून, एक चित्र पडद्यावर उघडं ठेवून, डोळ्यांनी पाहून घ्यायला सांगतो. पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. यंदा आलेली नवी मुलगी हुशार आहे, तिला ते थांबणं खटकलं.

"ताई, वेळ वाचवायला मॅक्रो आहे ना? मग हा मधे मधे काहून थांबते?"

"एकदा नंबरांचा घोळ झाला होता."

"कोणाकडून?"

मी बाटलीतलं पाणी प्याले. झाकण लावायला थोडा वेळ घेतला.

"माझ्याकडून," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं मी उगाच नम्रपणा दाखवते आहे. "तुमच्याकडून कसला घोळ होते, ताई," असं म्हणून ती पडद्याकडे वळली आणि पुढचं चित्र उघडलं. बाकीचं तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.